अण्णांच्या नावानं बिनविरोध नको

मंडळी, बसा. मागच्या बायांनो, पुढं सरका, सतरंजी मोकळी आहे.

सगळं गाव आलंय. पाटोद्याहून पाहुणे आलेत. दोन्ही पॅनलची माणसं आज एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलीत. हे बघायला मारुती अण्णाच पाहिजे होते. मला भाषण येत नाही. मी शाळेची पायरी चढले नाही, निवडणुकीत भिंतीवर रंगवलेली नावं वाचत वाचत अक्षरं जुळवायला शिकले. पण आज गप्प बसले तर जन्मभर बोचत राहील, म्हणून उभी राहिले.

आत्ताच आमचे पॅनलप्रमुख बोलले. म्हणाले, अण्णांची सून सुमन आपल्या प्रभागातून ग्रामपंचायतीला उभी आहे. तिच्यासमोर एकच अर्ज, आमच्या गयाबाईचा, म्हणजे माझा. गयाबाईनं उद्या तीनच्या आत तहसीलला जाऊन अर्ज मागं घ्यावा, सुमनला बिनविरोध करावं, हीच अण्णांना श्रद्धांजली. तुम्ही टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! आणि लगेच माझं नाव पुकारलं.

थांबा जरा. हो म्हणायच्या आधी मला अण्णांचं एक सांगू द्या.

तो मोठा दुष्काळ आठवतो का? दूध सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी घातली होती. माझ्या दोन म्हशी तिथंच होत्या. पाण्याचा हौद कुठं? चेअरमनच्या भावकीच्या दावणीपाशी. आमची जनावरं दुसऱ्या टोकाला. आमची पाळी येईपर्यंत हौदात चिखल उरायचा. बोलायचं कुणी? सोसायटी दरवेळी बिनविरोध. चार माणसं पारावर बसायची, नावं ठरवायची, गुलाल उधळायची. मी किती वर्षांची सभासद, पण मतपत्रिका कशी असते ते बघितलं नव्हतं!

त्या वर्षी अण्णांनी अर्ज भरला. एकट्यानं. गावात काय गोंधळ! लोक म्हणाले, दुष्काळात निवडणूक कुठं लावता, गावात दुही काहून पाडता? अण्णा म्हणाले, "दुही हाय ती हौदापाशी हायच की. मी निस्ता मोजून दाखवतो."

माझ्या दारात आले. म्हणाले, "गयाबाई, मत द्या."

मी म्हणाले, "अण्णा, मला इचारायला आलात? मालकाला इचारा."

"मालक सभासद न्हाईत. तुमी हाव."

मंडळी, त्या दिवशी मला कळलं की मी कुणीतरी आहे!

आणि मग गंमत बघा. अण्णा उभे राहिले म्हटल्यावर चेअरमनची झोप उडाली. ज्यांनी कधी आमच्या टोकाला पाय ठेवला नव्हता, ते छावणीत फिरायला लागले. माझ्या म्हशीची चौकशी केली त्यांनी! मतदानाच्या आधीच आमच्या टोकाला दुसरा हौद आला. टँकर आधी आमच्याकडं.

आता खरं सांगते, अण्णांच्या फोटोसमोर सांगते. मी अण्णांना मत दिलं नाही. ज्यांनी हौद दिला, त्यांना दिलं. अण्णा पडले. सपाटून पडले. मला तोंड दाखवायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी हौदावर गाठ पडली तेव्हा म्हणाले, "काहून तोंड लपवता, बाई?"

मी म्हणाले, "अण्णा, मी तुमाला मत दिलं न्हाई."

तर माणूस लई मोठ्यानं हसला! "पर दिलं ना? बस की. मी उभा ऱ्हायलो नसतो तर हा हौद आला असता का?"

पडलेला माणूस हसत होता, मंडळी. आणि म्हशी पाणी पीत होत्या.

तेव्हापासून मीही निवडणुकीला उभी राहायला लागले; अण्णांचा पक्ष वेगळा, माझा वेगळा. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं म्हणतात, पण कुठला पॅनल कुणाचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आम्ही भांडलो, सभेत एकमेकांची उणीदुणी काढली. त्यांनी मला "बिनदाढीचा पुढारी" म्हटलं, मी त्यांना "पडायला उभा" म्हटलं. हसू नका, बया! असंच म्हणायचे. पण एकदा तरी म्हणाले का, गयाबाई, माघार घ्या?

आज सकाळी मी सुमनकडं गेले. म्हणाले, "पोरी, रडू नको, अर्ज काढते मी. फुकट निवडून येशील."

तिनं डोळे पुसले. म्हणाली, "आत्या, फुकटच म्हनतील की मला. उद्या टँकरसाठी साहेबापुढं उभी ऱ्हायले, तर म्हनतील, तुला लोकांनी कुठं निवडलंय? तुला तुझ्या सासऱ्याच्या मयतीनं निवडलंय."

"आन् पडलीस म्हंजी?"

"पडले तर पडले. मामंजी कितीदा पडले!"

अगं, मी त्या पोरीकडं बघतच राहिले! आपण सगळे शहाणे, वयानं वाढलेले, आणि जे या लेकराला कळलं ते आपल्याला कळलं नाही? ज्या माणसानं हयातभर बिनविरोधाशी झुंज घेतली, त्याच्या फोटोला हार घालून आपण त्याच्याच नावानं बिनविरोध करायला निघालो!

पॅनलप्रमुख, रागवा. उद्या मला पॅनलमधून काढा. मी अर्ज मागं घेत नाही.

सुमन, तू म्हणशील, आत्या माझ्यासाठी पडायला उभी राहिली. नाही पोरी! मी जिंकायलाच लढणार आहे. तुझ्या पॅनलच्या चुका वेशीवर टांगणार आहे. तू माझ्या टांग. मी थकले असं समजून ढिली पडलीस, तर मीच ग्रामपंचायतीत बसलेली दिसेन तुला.

अण्णा, तुमच्या सुनेच्या विरुद्ध मी उभी आहे. तुम्ही असता तर पहिल्यांदा मला पाडायला निघाला असता, ठाऊक आहे मला!

उठा, मंडळी. उद्या तीन वाजले की तहसीलात आम्हा दोघींना चिन्हं मिळतील, मग हवं तेवढं ओरडा. आत्ता दोन मिनिटं दोन्ही पॅनल गप्प उभे राहू.

सुमन, ये. माझ्या शेजारी उभी राहा.