गौर कोण आणील?

या, जवळ सरून बसा. पेणच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी बसलेल्या जोहे गावच्या मायलेकींची ही गोष्ट. लेक ऋतुजा, धावणारी.

“आये, चाचणीत निघालं, माझी गुणसूत्रं बायांची नायत. मुलींच्या शर्यतीत आता घेनार नाय.”

“शर्यत गेली चुलीत. मी जन्म दिलाय गो, तू माझी पोरगीच हायेस.”

“मग यंदाबी गौर मीच आणीन ना घरात?”





“काकी म्हनते, लेकीचा मान हाय तो. यंदा तिची दर्शना आणील.”

“काकीला कोनी सांगितलं?”

“मीच गो. रडता रडता बोलून गेले.”

“आनि मान कोनी दिला दर्शनाला?”

“मी ‘नाय’ म्हनाले नाय.”

मायबापहो, यंदा गौर उंबऱ्यात आली, की ऋतुजाची आठवण काढा.