पहिलं पाणी

— नाही हो साहेब, तो टब कशाला मोजताय? तो धंद्यातला नाहीच. धंद्याचे हे चार. हे दोन, आणि ते भिंतीला लागून दोन. चारही टबांना पाइप आहे, पाइप गटाराला लागलाय, मघाशी झाकण काढून दाखवलं ना तुम्हाला? नाक दाबून वाकून बघितलंत की. लॉन्ड्रीचं सगळं सांडपाणी गटारात गेलं पाहिजे, पाठ आहे मला नियम, सव्वीस वर्षं चालवतेय मी ही लॉन्ड्री, तुम्ही शाळेत पाटी फोडत असाल तेव्हापासून. तो कोपऱ्यातला आपला असाच. घरातला. त्याला पाइप नाही म्हणून काय झालं? पाणी उचलते आणि मागच्या झाडाला घालते. — साबणाचं? छे, साबणाचं पाणी झाडाला घालून झाड मारू का? साबण नसतो त्यात. — मग धुते कशाने? अहो, धुत नाही, भिजवते. फडकी असतात थोडी. आधी नुसती भिजवायची, ते पाणी मागे ओतायचं आणि मग धुवायची. आमची पद्धत आहे ती. लिहू नका ना हो तेवढं. परवाना तीन महिने अडकलाय, त्यात आणि हे एक कशाला?

बसा तरी. उभ्याउभ्या लिहिताय, अक्षर वाकडं येईल आणि वरचा साहेब तुमच्यावर ओरडेल. घ्या ते स्टूल. लाजू नका, बारा आहेत. — बारा कशाला म्हणजे? इस्त्रीच्या बायकांना. — हो, बायका तीनच आहेत, मोजता येतं मला. पण एकीला एक पुरतं का? एकावर बसायचं, एकावर गठ्ठा ठेवायचा, एक आपलं... हे बघा, तुम्ही गटार बघायला आलात की सामान मोजायला? रागावले नाही हो. आवाजच तसा आहे माझा. नवरा म्हणायचा, तू देवाकडे मागणं मागतेस की देवाला फैलावर घेतेस? आता तर फैलावरच घेते. सकाळी उठले की आधी भांडण, मग चहा.

आणि अर्जातला तो रकाना मी मुद्दाम रिकामा ठेवला नाही. राहिलाय तो. ‘अर्जदाराचा कोणत्याही धार्मिक संस्थेशी संबंध’ — आता मला सांगा साहेब, लोकांच्या चादरी धुवायला हे कशाला लागतं? मळ काय विचारून निघतो का, की बाई तू कोणाची? तुमच्या कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, मावशी, संबंध नाही म्हणून एक आडवी रेघ मारा, दुपारपर्यंत शिक्का. नाहीतर लिहा आणि बसा वाट बघत. हळूच म्हणाल्या हो, माझ्या भल्यासाठीच. तुम्हीही आत्ता पेन्सिलीने बारीकशी रेघ मारलीत तिथे, बघितलं मी. उलट्या बाजूने वाचता येतं मला, गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून सवय झाली. तुम्ही भले माणूस आहात. खिडकीवरच्या बाईही भल्या. हल्ली सगळे इतके भले झालेत, कोणावर चिडायचीसुद्धा सोय राहिली नाही.

माझी लेक, शाळेत शिकवते ती, तिने वर्षापूर्वीच मारली रेघ. नोकरी राहिली. मी तिला एका शब्दाने बोलले नाही. म्हणजे बोलले, पण दोनच दिवस. ती म्हणते, आई, देव मनात असतो, रेघेने काय होतंय? मनात! जो उठतो तो मला मन दाखवतो. म्हटलं, बाई, एकदा मनातल्या मनात धुणं धुऊन बघ, निघतो का डाग. देवाला मनातच राहायचं होतं तर बसला असता की वर निवांत. माणसाचं अंग कशाला घेतलं त्याने? तहान-भूक कशाला लावून घेतली, हातापायांत खिळे कशाला ठोकून घेतले? वाटलं, जिंकले. मग म्हणते कशी, आणि तुझा परवाना गेला तर त्या तीन बायकांनी काय करायचं, आई? त्यांनी कुठे विचारलंय तुझ्या देवाला? लेक चुकीचं बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय. रात्रंदिवस तेच डोक्यात.

आणि आमची माणसं! तुमच्या सरकारचं सोडा, सरकारकडून मी कधी काही मागितलं नव्हतं. पण आपली माणसं? चारशे जण यायचे आमच्या चर्चमध्ये. मोठ्या दिवसांना दाराबाहेर उभे असायचे. आता रस्त्यात समोर दिसले की पलीकडच्या बाजूने जातात, जसं काही मी उधारी मागणार आहे. तो गाणाऱ्यांचा म्होरक्या — छाती फाटेस्तोवर गायचा हो — त्याच्या दुकानात गेले परवा. क्रूस होता तिथे कॅलेंडर. म्हटलं, हे काय? म्हणतो, मावशी, भिंत रंगवायची होती. भिंत तशीच्या तशी, साहेब! क्रूसाची जागा तेवढी पांढरी, आजूबाजूला तीच जुनी काजळी, आणि कॅलेंडर इतकं लहान की दोन्ही बाजूंनी क्रूसाचे हात दिसतायत. मला हसू आलं. मग घरी येऊन रडले. मग त्याचा राग आला आणि मग स्वतःचा. कारण मी कोण मोठी शहाणी लागून गेले?

— काय, उशीर होतोय? थांबा ना हो, सांगू द्या. इतके दिवस तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातेय. पाच महिने झाले. चर्चला सील ठोकलं तो दिवस. कागद तुमच्याच कचेरीतून निघाला होता — असू दे, गटाराचं खातं वेगळं, तुमचा हात नसेल त्यात. मी आत होते. वेदीवरची फडकी बदलायला गेले होते, दर आठवड्याचं माझं काम, लग्नाआधीपासूनचं. सरकारचे चौघे आले. फादरांना म्हणाले, चला. बूट घालू दिले नाहीत, चपलांवर होते ते. मग त्यांच्यातला एक माझ्याकडे वळला. ‘तू कोण?’ साहेब, माझा बाप्तिस्मा तिथला. लग्न तिथलं. नवऱ्याला शेवटचं तिथूनच नेलं. आणि मी म्हणाले काय? ‘मी लॉन्ड्रीवाली. कपडे न्यायला आलेय.’ खोटं नव्हतं हो ते! हातात गठ्ठा होता. एक अक्षर खोटं नव्हतं, हेच तर वाईट. त्याने फादरांना विचारलं, खरं का? फादरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘हो, कपडेवाली आहे. तिचा काही संबंध नाही. जाऊ द्या तिला.’ — संबंध नाही. हाच शब्द. तुमच्या या कागदावरचा. मला वाचवायला बोलले, कळतं मला, मी काय दगड आहे? पण त्यांना तसं बोलायला कोणी लावलं? मीच ना? मी बोलले नसते तर त्यांना बोलावं लागलं नसतं. जाता जाता त्या माणसाला माझ्यापायी खोटं बोलायला लागलं. आणि मी चालत निघाले. पळालेसुद्धा नाही, चांगली सावकाश चालत, जशी खरंच कपडे न्यायला आले होते. फादर अजून परतले नाहीत. कुठे आहेत, आहेत की नाहीत, कोणी सांगत नाही. आणि मी इथे लोकांच्या सदऱ्यांच्या कॉलरी कडक करतेय.

तोच गठ्ठा. तीच फडकी, हो, त्या टबातली. आता बघितलंयत तर बघा नीट, पांढरी आहेत, मधोमध बारीक लाल क्रूस विणलाय, माझ्या सासूच्या हातचा. त्यांचं पहिलं पाणी गटारात घालत नाहीत, साहेब. वेदीवर त्यांच्यावर भाकर ठेवलेली असते, त्यांनीच प्याला पुसलेला असतो, तो एखादा कण, एखादा थेंब धाग्यात राहिलेला असतो — आणि तो आमच्यासाठी नुसता कण नसतो. तो देवाचा देह असतो. मग तो काय गटारात सोडायचा? मातीत द्यायचा, माणसाला देतात तसा. सासूने शिकवलं, तिला तिच्या सासूने. तुमच्या नियमात बसत नाही हे, मला कळतं. पण तुम्ही म्हणाल तेवढा पाइप जोडेन, त्या टबाला नाही जोडणार. — काय? पाच महिने चर्च बंद, मग भिजवायचं काय? अहो, द्राक्षारसाचा डाग असा-तसा असतो का? ताजा असतानाच थंड पाण्यात टाकावा लागतो, एक दिवस गेला की धरून बसतो. गेल्या रविवारी त्या दुसऱ्या, म्हाताऱ्या फादरांचा हात थरथरला आणि अख्खा प्याला...

...

नाही. म्हणजे जुना डाग. जुनाच आहे तो.

काय माझ्या जिभेला हाड नाही बघा. बघताय काय असे? म्हातारे फादर वगैरे कोणी नाही. एक म्हातारबाबा येतात, दर आठवड्याला एक सदरा टाकून जातात धुवायला, तो एकच सदरा, स्वच्छच असतो — अरे देवा. मी गप्पच बसते. तुम्ही ती स्टुलं मोजताय पुन्हा. मोजू नका. साहेब, पाया पडते, स्टुलांकडे बघू नका. त्यांवर बसणाऱ्यांतल्या एकीला दोन लहान मुलं आहेत. एकाचं नाव तुमच्याच... नाही, नाही. काही सांगत नाहीये मी. एकही नाव निघायचं नाही माझ्या तोंडून, आता तर नाहीच, कानाला खडा.

— खोडताय काय? वही इकडे करा. टबाचं लिहिलेलं खोडलंत? ‘चार टब, जोडणी योग्य.’ आणि रेघ तशीच. वर शिक्कापण मारणार? का? मला कीव नकोय कोणाची. म्हणजे... हवीय. का नको? त्या तीन बायका आहेत, बाहेर दोरीवर चादरी घालतायत, त्यांना हवीय. टबाचं खोडलंत ते राहू द्या. स्टुलं तुम्ही पाहिली नाहीत, तेही राहू द्या, देव तुमचं भलं करो, मी खरंच म्हणतेय, चिडून नाही. पण ती रेघ नको. ती माझी आहे ना? अर्जदार मी. द्या इकडे तो अर्ज. पेन्सिल नको, पेन द्या.

चुकीचं करतेय मी, माहितीये मला. लेक येऊन तेच सांगेल, आणि ती बरोबरच असेल. परवाना नाही मिळाला तर बायकांची सोय मी लावेन, पलीकडच्या दवाखान्यात धुण्याला माणसं लागतात, पाया पडेन तिथे. सांगून ठेवते, मला धीर आलाय असं काही नाही. भीतीच वाटतेय. देवावर चिडलेली पण आहे, पाच महिन्यांत एक खूण दिली नाही त्याने, एक स्वप्न नाही, काही नाही. पण चिडायला तरी तोच आहे ना मला? माणूस ज्याच्यावर चिडतं, त्याच्याशी संबंध नाही म्हणून कसं लिहील?

हं. झालं. ‘आहे. जन्मापासून.’ सही पण केली. नाव एकच आहे, माझं. वाचून घ्या पाहिजे तर, अक्षर बरं आहे माझं.

तुम्हालाही घरदार आहे, कळतं मला. वर जाऊन काय सांगायचं ते सांगा, मी विचारायला येणार नाही. फक्त एक करा, साहेब. कोणी विचारलंच ती बाई कोण, तर मला वाचवायला म्हणून कपडेवाली आहे असं सांगू नका. एकदा सांगून झालंय ते, एका चांगल्या माणसाने. दुसऱ्यांदा मला झेपायचं नाही.

जा आता. मागच्या दाराने नको, पुढूनच जा. चादरी न्यायला चार वाजता गाडी येईल, अजून निम्म्या ओल्या आहेत माझ्या.