ग्राहकाची खुर्ची

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय तांबेबाई, व्यासपीठावरील मान्यवर, उपस्थित पालकहो, आणि येत्या सोमवारी बँकेच्या सेवेत रुजू होणाऱ्या माझ्या चार विद्यार्थ्यांनो,

निरोपाचे चार शब्द बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. पदवीनंतरची पहिलीच नोकरी, तीही अधिकाऱ्याची. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी उपदेश करण्याची प्रथा आहे. तो मी करणार नाही. मी एक चूक दुरुस्त करण्यासाठी उभा आहे.

आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे, की बँकेतून निवृत्त झाल्यावर भाट्ये येथील आमच्या पडवीत मी दर रविवारी मुलाखतीचा सराव घेत असे. टेबलाच्या एका बाजूस उमेदवार बसे आणि दुसऱ्या बाजूस, ग्राहक म्हणून, माझी पत्नी कै. मालन. मी "पुढील ग्राहक" अशी हाक दिली, की ती माजघराच्या दारातून पदर सावरत येई. कधी हर्णेची मासळीवाली होई, कधी बहिरे आजोबा. त्या आजोबांच्या वेळी तर शेजारचे लवूशेठ भांडण सोडवायला धावत आले होते!

एका रविवारी ती नवरा वारलेली बाई होऊन आली. समोर या चौघांतली ही दीक्षा होती. दीक्षाने नम्रपणे विचारले, "मृत्यूचा दाखला आणलात का?" मग ओळखपत्र, मग अर्ज. एकही पायरी चुकली नाही. मी दहापैकी दहा गुण दिले. मालनने शून्य दिले.

"अगो बाय, दाखला काय पळून जातो? आधी विचार, सकाळपासून काही खाल्लंत का?"

मी म्हणालो, "कार्यपद्धतीत असा प्रश्न नाही. शिवाय लोक सुतक फिटल्यावरच बँकेत येतात."

"सुतक फिटतं हो. घास उतरतोच असं नाही," असे म्हणून ती चहा टाकायला आत गेली.

मी वहीतले दहा गुण कायम ठेवले.

गेल्या श्रावणात मालन गेली. वर्ग बंद पडला. तिचे खाते बंद करण्यासाठी मी बँकेत गेलो, तेव्हा समोरच्या तरुणाने अत्यंत नम्रपणे दाखला मागितला. पद्धत निर्दोष होती. चौतीस वर्षे मीच ती राबवली होती. अर्जातील 'मृत खातेदाराशी नाते' या रकान्यापाशी मात्र माझा हात थांबला. अर्जाची घडी करून मी घरी आलो. पाच महिने तो टेबलाच्या खणात पडून होता.

माघात दीक्षा आली. "काका, परवा मुलाखत आहे. एकदाच सराव घ्या." नाही म्हणवेना. मी सवयीने हाक दिली, "पुढील ग्राहक." आम्ही दोघांनीही माजघराच्या दाराकडे पाहिले.

मग मीच त्या खुर्चीत बसलो आणि खणातला अर्ज तिच्यापुढे ठेवला. तिने वरचे नाव वाचले. दाखला मागितला नाही.

"काका, सकाळपासून काही खाल्लंत का?"

श्रोतेहो, खाल्ले नव्हते. तिने आपल्या डब्यातली दोन घावने माझ्यासमोर ठेवली. ती संपल्यावरच तिने माझ्या हाती पेन दिले. त्या रकान्यात मी 'पती' असे लिहिले.

दीक्षा, तुझी नेमणूक ओडिशात झाली आहे. तिथली भाषा तुला येत नाही, या काळजीत तुझे वडील गंगारामदादा आहेत. तेवढे एक वाक्य पहिल्याच आठवड्यात शिकून घे. वर्ग येत्या रविवारी पुन्हा सुरू होईल. ग्राहकाच्या खुर्चीत मी बसेन. मालनइतके जमणार नाही.

आणि ती दुरुस्ती. तुला दिलेले ते दहा गुण मी सर्वांसमक्ष रद्द करतो. मालनचे शून्य बरोबर होते. घरी जाऊन हे जिला सांगावे ती आता नाही, म्हणून इथे सांगितले.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, आभारी आहे. समारंभाच्या औचित्याला सोडून काही खासगी बोललो असेन, तर उदार मनाने क्षमा करावी. बाहेर अल्पोपाहार मांडला आहे. कोणीही काही खाल्ल्यावाचून जाऊ नये, ही विनंती.