मीटिंगला पहिला नंबर

नेट स्लो झालं म्हणून कुणी मरत नाही, असं म्हणतोस ना? ठेव तो चहा खाली आणि ऐक.

आपल्याकडच्या एका सरकारी दवाखान्याचं नेटवर्क मी बघायचो. लाईनवर गर्दी झाली की कुणाचा डेटा आधी सोडायचा, हे नेटच्या डब्यात, म्हणजे स्विचमध्ये, ठरवून द्यावं लागतं. मी डॉक्टरांच्या व्हिडिओ सल्ल्याला पहिला नंबर दिला होता. जिल्ह्याच्या साहेबांची व्हिडिओ मीटिंगही त्याच लाईनवर चालायची, म्हणून हेडक्लार्क भडकला. "साहेबनी मीटिंग अटकाले नको भो, बाकीनं काहीबी होवो!" जिल्ह्यावरून त्याने मीटिंगला पहिला नंबर लावून घेतला, वर मला ते परत फिरवता येऊ नये म्हणून पासवर्डही बदलायला लावला.

पुढच्याच आठवड्यात सारंगखेड्याजवळ जेसीबीने फायबर तोडली. उरली बारीकशी बॅकअप लाईन. त्याच दुपारी तोरणमाळकडून एक बाळंतीण आणली, तिचं रक्त थांबेना. दवाखान्यात मोबाईलला रेंज नाही. डॉक्टर मॅडम व्हिडिओवर नाशिकच्या तज्ज्ञांना विचारत होत्या आणि तिकडून अर्धाच शब्द येत होता.

"हॅलो सर, पुढे काय करू? हॅलो!"

मी शेजारच्या मीटिंगच्या खोलीत धावलो. "थोडा वेळ मीटिंग बंद करा, लाईन मोकळी होईल."

हेडक्लार्कने मला हातानेच गप्प केलं. पडद्यावर साहेब बोलत होते.

"आज तुमचा आवाज काय स्वच्छ येतोय! फक्त मागे कुणी बाई हॅलो हॅलो ओरडतेय. तेवढं दार लावून घ्या."