बदकाचं तोंड डावीकडे

(नेदरलँड्समधली एक प्रयोगशाळा. कॉफीच्या टेबलावर न कापलेला सफरचंदाचा केक. आज युर्रेचा वाढदिवस. त्याचा शोधनिबंध दुपारी पाठवायचा आहे. तो हिल्केच्या हातात.)

हिल्के : केक राहू दे. हा फोटो कुठल्या पापुद्र्याचा?

युर्रे : ग्राफीनचा. वाढदिवसाला परीक्षा घेतेस?

हिल्के : चिकटपट्टीनं ग्राफाइटवरून अणूइतकं पातळ ग्राफीन सोलते मी. एकेका पापुद्र्याची चण ओळखते. हा बदकाच्या आकाराचा, हे माझं बदक आहे.

युर्रे : तुझ्या बदकाचं तोंड उजवीकडे होतं.

हिल्के : आणि ह्याचं डावीकडे. शेपटीची चीर मात्र तीच. मी ओळखू नये म्हणून फोटो उलटा केलास ना?

युर्रे : उचलताना पापुद्रा पालथा पडला असेल.

हिल्के : असेल? तू तर म्हणालास, मोजायच्या आधीच थंड करताना बदक गेलं. मेल्यावर मापं दिली त्यानं?

युर्रे : मापं खोटी नाहीत, हिल्के.

हिल्के : मी अजून खोटी म्हटलं नाही.

युर्रे : एका टोकानं इलेक्ट्रॉन सोडले, सगळ्यांचा स्पिन, ती इवली चुंबकसुई, एकाच दिशेला. दुसऱ्या टोकाला पोचले तरी दिशा शाबूत. चुंबक लावला की स्पिन वळायचा, संकेत हवा तसा पडायचा. इतकं स्वच्छ आपल्याकडे कधी दिसलं नव्हतं.

हिल्के : मग पुन्हा मोजायचंस.

युर्रे : मोजणारच होतो. आनंदाच्या भरात चिपला हात लावला.

हिल्के : मनगटाला वीज जमिनीत सोडणारा पट्टा?

युर्रे : नव्हता. अंगातली वीज चिपमध्ये उतरली, बदक जळालं. तू इतकी खपून सोललं होतंस, कुठल्या तोंडानं सांगणार?

हिल्के : म्हणून थंडीवर ढकललंस. आणि इथे लिहिलंयस, ‘अनेक नमुन्यांत हेच आढळले’. अनेक कुठले? बदकाची पिल्लं?

युर्रे : आपला प्राध्यापक हेस्सेल विचारणार नाही. माझा करार उन्हाळ्यात संपतोय गं.

हिल्के : प्राध्यापकाला बदकं ओळखू येत नाहीत. पण खाली माझंही नाव आहे. सकाळपासून लोक तुझ्या वाढदिवसाबद्दल माझंही अभिनंदन करताहेत, इथली रीतच ती. उद्या ह्या निबंधाबद्दल करतील.

युर्रे : तुझं नाव काढू का?

हिल्के : बघ, किती पटकन सुचलं.

युर्रे : मग काय करू?

हिल्के : ‘अनेक’ खोड. हेस्सेलला सांग, निबंध आज जात नाही. का, तेही सांग.

युर्रे : आणि पुन्हा तसं नाही दिसलं तर?

हिल्के : तर एकदाच दिसलं, एवढंच लिहायचं.

युर्रे : नवा पापुद्रा सोलून देशील?

हिल्के : देईन. पण मोजताना शेजारी मी उभी राहीन. आणि पट्टा मीच बांधीन.