बास ऐकू यावा, एवढंच!

मला सांगा, मी असं काय जगावेगळं मागितलं होतं? बास ऐकू यावा, एवढंच! आणि तेवढ्यासाठी त्या साउंडवाल्यानं माझ्या वाद्याला जेवढ्या वायरी लावल्या ना, तेवढ्या दवाखान्यात अत्यवस्थ पेशंटलासुद्धा लावत नाहीत हो!

आता तुम्हाला बास माहीत नसेल, त्यात तुमची चूक नाही, कुणालाच माहीत नसतो. व्हायोलिनचा आजोबा म्हणा. माणसापेक्षा उंच, टॅक्सीत बसत नाही, जिन्यात वळत नाही, आणि एवढं धूड वागवून आणून बोटांनी छेडलं की आवाज काय? ढुम्म! शेजारच्या खोलीत कुणीतरी गादी टाकल्यासारखा. त्यात ड्रमवाल्यानं एक काडी आपटली, की तो ढुम्मही गेला!

लग्नाच्या आधीपासून वाजवतोय मी. आणि माझे सासरे... त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, सगळा जन्म घड्याळं कानाला लावण्यात गेलेला, भलता तयार कान. ते प्रत्येक कार्यक्रमाला येतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत बसतात, आणि निघताना हिला काय सांगतात? "जावईबापू छान उभे होते हो!" उभे! अहो, उभं राहायला काय, छत्रीचा स्टँडही उभा असतो! आणि या वेळी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच म्हणाले, "आता गुडघे ऐकत नाहीत. ही माझी शेवटची खेप. तुम्ही नक्की काय वाजवता ते एकदा कळलं असतं तर बरं झालं असतं." असं म्हटल्यावर मी स्वस्थ बसणार होय?

म्हणून दुपारीच जाऊन साउंडवाल्यापुढे हात जोडले. म्हटलं, बाबा रे, आज बास ऐकू यावा, एवढंच! तो कमरेला चिकटपट्टीची रिळं अडकवून लांब टेबलामागे बसलेला. तिकडून ओरडला, "सर, वाजवा!" मी वाजवलं. "सर, वाजवा ना!" म्हटलं, वाजवतोय! "मग ऐकू का येत नाही?" आता हे त्यानं मला विचारायचं की मी त्याला?

मग उठला. बासच्या पोटाला दोन भोकं असतात, त्यातल्या एकाशी माईक लावला, जाऊन बटण वर केलं आणि... हूंऽऽऽ! हॉल हंबरायला लागला! खुर्च्या थरथरल्या, गाणाऱ्या बाई कानात बोटं घालून बाहेर पळाल्या. आणि हा म्हणतो कसा, "सर, तुमचं वाद्य फार पोकळ आहे." अरे, वाद्य पोकळच असतं! भरीव असेल त्याला ओंडका म्हणतात!

मग माईक स्टँडवर लावून समोर ठेवला. त्यात ड्रम फार सुंदर ऐकू आला. मग तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात, तिला एक चकती चिकटवली. वाजवलं तर टोइंग! टोइंग! लेकरासारखं जपलेलं वाद्य माझं, आणि आवाज चड्डीचं इलॅस्टिक ताणून सोडल्यासारखा! शेवटी वैतागून त्यानं एक बारकासा माईक काढला, अगदी माझ्या छातीसमोर तारांपाशी अडकवला, "हा फार तिखट आहे हं सर, सगळं पकडतो," म्हणाला, आणि मी छेडलं मात्र... काय सांगू तुम्हाला! लाकूड, तार, बोट, सगळं लख्ख! डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, पकडू दे, सगळं पकडू दे.

आता आम्हा बासवाल्यांना एक खोड असते. मागे उभे, विचारतो कोण, त्यामुळे वाजवताना आम्ही पुटपुटतो. मात्रा मोजतो, ड्रमवाल्याला शिव्या घालतो, घरचं वाणसामान आठवतो. इतकी वर्षं पुटपुटलो, कुणाला कळलं? जिथे बास ऐकू येत नव्हता, तिथे मी काय ऐकू येणार!

तर कार्यक्रम रंगला, आणि ते संथ गाणं आलं, ज्याची सुरुवात मी एकटा करतो. ड्रमवाला गप्प, बाई गप्प. साउंडवाल्यानं मला खुणेनं सांगून बटण आणखी वर केलं. मी वाजवतोय, हॉल चिडीचूप, मी हळूच सासऱ्यांकडे बघितलं, तर मान कलती आणि डोळे मिटलेले! तुम्हीच सांगा, मस्तक फिरणार की नाही? बोटं चालूच, आणि सवयीनं तोंडातल्या तोंडात म्हणालो, "झोपला म्हातारा! ज्याच्यासाठी मरमर केली, तोच झोपला!"

शेवटच्या रांगेपर्यंत गेलं ते! दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून! ड्रमवाल्याच्या हातातली काडी गळून पडली, हिनं पदरात तोंड लपवलं. ते गाणं मी कसं संपवलं, मला ठाऊक नाही.

नंतर साउंडवाला धावत आला, "सर, आवाज कसला क्लिअर!" तेवढ्यात कठड्याला धरून धरून सासरे आले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालेलं.

"झोपलो नव्हतो हो," ते म्हणाले. "घड्याळ ऐकतानाही मी डोळे मिटूनच ऐकतो."

म्हटलं, "मग... बास? आला ऐकू?"

"येत होता की! इथे, छातीत वाजत होता. म्हटलं, अरे, हे वाजवतात होय आपले जावई! आता कुठे कान लागतोय... तेवढ्यात तुम्ही बोललात."

आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे. उभे छान होता."