चौथ्या प्रकरणातली माणसं

नणंद : वहिनी, चार वाजता सगळे खेळायला येतील आणि तू आत्ता म्हणतेस, पुस्तक बदल?

वहिनी : आत्ता म्हणते, कारण मी ते आज सकाळी वाचलं.

नणंद : अगं, तीन महिने या खेळाचे नकाशे काढतेय मी! समुद्राचं पुस्तक होतं, देवदेवतांचं होतं. पण खेळणाऱ्या सहाही जणांना याच पुस्तकातल्या जगात पात्रं होऊन हिंडायचं होतं. का, तर हा खरा इतिहास. डोंगरातलं साम्राज्य, किल्ले, वेढे...

वहिनी : चौथं प्रकरण काढ, टिल्ले.

नणंद : पाठ आहे मला. 'राक्षस, श्वापदं आणि रानटी टोळ्या.' अशा खेळात असतंच ते. पात्रांना लढायला कोणीतरी नको?

वहिनी : मोठ्यानं वाच. लांडग्याच्या खालचं.

नणंद : 'शीळकरी. खिंडीत राहणारी क्रूर जमात. शिळेतून शाप देतात. तीस-चाळीसच्या टोळीनं हल्ला करतात. मारल्यास प्रत्येकी पाच गुण.' बरं, मग?

वहिनी : मी त्यांच्यातली.

नणंद : कोणाच्यातली?

वहिनी : त्यांच्यातलीच. शीळकरी हे नाव किल्लेवाल्यांनी ठेवलं. या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक पोचत नाही, शीळ पोचते. एवढाच काय तो आमचा शाप.

नणंद : बारा वर्षं या घरात आहेस, एका शब्दानं बोलली नाहीस!

वहिनी : बारा वर्षांत तू कधी विचारलंस? 'वहिनीचं माहेर लांब आहे', एवढ्यावर तुम्हा सगळ्यांचं भागलं.

नणंद : हे बरंय! चोर सोडून संन्याशाला फाशी. पुस्तक काय मी लिहिलंय? दादाला तरी माहीत आहे का?

वहिनी : आहे. 'कशाला उगाच सांगायचं' म्हणाला. मीही मान डोलावली. तेवढी चूक माझीही.

नणंद : मागे तेवीस संदर्भग्रंथांची यादी आहे गं. लेखकानं अभ्यास केलाय.

वहिनी : ज्यांनी आम्हाला हाकललं, त्यांच्या दप्तरांचा. आमच्यात लिहायची पद्धत नव्हती.

नणंद : बरं बाई, 'शीळकरी' खोडते आणि 'पिशाच्च' लिहिते. झालं?

वहिनी : आणि छबीनं गेल्या शनिवारी मारले ते?

नणंद : तुझी लेक अकरा वर्षांची आहे! फासे टाकले तिनं.

वहिनी : फासे टाकले आणि घरभर नाचली. 'आई, आत्यानं मला खिंड दिली, मी अडतीस मारले!' मी शाबासकी दिली तिला. अडतीस कोण, ते कुठे ठाऊक होतं? परवा गॅलरीतून शीळ घालून तिला वर बोलावलं, नेहमीसारखं. तर कान झाकून ओरडली, 'ती शीळ नको आई, तिच्यावर आम्ही बाण सोडतो!' मग आज पुस्तक उघडलं.

नणंद : (खुर्ची ओढून बसते) मला बोलली नाही ती.

वहिनी : तिला त्यात सांगण्यासारखं काय वाटणार?

नणंद : तू बस ना आज आमच्यात. तूच सांग सगळ्यांना, खरं काय ते.

वहिनी : मला नमुना म्हणून मांडू नकोस. पुस्तक तू आणलंस, सांगायचंही तूच.

नणंद : एक जण तरी म्हणेलच, खेळच तर आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं.

वहिनी : तू नाही म्हणालीस अजून.

नणंद : ओठांवर आलं होतं.

वहिनी : दिसलं मला.

नणंद : नकाशे गुंडाळते. आज खेळ नाही. सांगेन त्यांना, मी किल्ल्यांच्या चित्रांवर भाळले. आत कोणाला मारायला लावलंय, ते बघितलंच नाही. पण वहिनी, छबीला सांगायचं माझ्याच्यानं होणार नाही.

वहिनी : ते माझ्यावर सोड.

छबी : (धावत आत येते) आत्या, वाजले ना चार! नकाशे का गुंडाळतेस? आज मी खिंडीचं दुसरं टोक घेणार होते.

नणंद : आईला विचार, बाळा.

छबी : आई? मी काही केलं का?

वहिनी : नाही गं. त्या खिंडीत माझी आजी राहायची.

छबी : तिथे तर शीळकरी असतात.

वहिनी : हो.

छबी : म्हणजे, तुझी आजी...

वहिनी : ये, अशी जवळ बस. आधी तिचं नाव सांगते.